म्हाताऱ्या कुत्र्याला दूध-भात का नको

आमचा पिंट्या 13 वर्षांचा आहे. गावठी. मळणीच्या दिवसांत कुणीतरी खळ्यावर आणून सोडलेलं पिल्लू, तेव्हापासून आमच्याच दारात. मराठीत हाक मारली तर नुसते कान हलवतो. शेजारच्या कन्नड घरातून 'बा' (म्हणजे 'ये') म्हटलं की उठून चालायला लागतो, कारण तिथं चपाती मिळते.

गेल्या पावसाळ्यात त्याचं पोट बिघडलं. दोन दिवस पातळ, मग दोन दिवस काहीच नाही, मग खडा. आज्जी म्हणाली, "म्हातारं झालंय की रं ते. आता दूध-भातच घाल त्याला, पचायला हलकं." खानापूरकडं काय आणि निपाणीकडं काय, म्हाताऱ्या जिवाला दूध-भात हे उत्तर ठरलेलं. मी महिनाभर घातला. शी पातळच राहिली, वर पाठीचे मणके हाताला लागायला लागले.

शेवटी बेळगावला नेला. डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधी त्याचा ओठ वर करून दात बघितले, मागच्या मांड्या चाचपल्या आणि मग विचारलं, "काय घालताय?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. "अंडं? मटण? काहीच नाही? मग अंगावर मांस यायचं कुठून ओ?"

तेव्हापासून जे वाचलं, विचारलं आणि पिंट्यावर पाहिलं, ते इथं मांडतोय. सगळ्याच्या मुळाशी एकच घोळ आहे: कुत्र्याचं म्हातारपण आपण आपल्या म्हाताऱ्या माणसांवरून ओळखायला जातो.

पहिल्यांदा वय. कुत्र्याच्या वयाला सातानं गुणायचं, हा हिशेब ढोबळसुद्धा नाही. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर असली मोठ्या अंगाची कुत्री सात-आठ वर्षांतच उताराला लागतात, लहान चणीची दहा-अकरापर्यंत तरणी राहतात. आयुष्याचा शेवटचा चौथा हिस्सा म्हणजे म्हातारपण, असं डॉक्टर लोक धरतात.

आता पोट. निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याची अन्न पचवायची ताकद तरण्या कुत्र्यापेक्षा फारशी घटत नाही. मला हे ऐकून नवल वाटलं होतं. मांजराचं तसं नसतं, म्हाताऱ्या मांजराला चरबी पचवणं जड जायला लागतं. कुत्र्याचं स्वादुपिंड, पित्त आणि छोटं आतडं मात्र, रोग नसेल तर, शेवटपर्यंत आपलं काम नेटानं करत राहतात. मटणाचा तुकडा पचवायला म्हाताऱ्या पिंट्याला काही अडचण नाही. चावायला असेल, तो भाग वेगळा.

भाकरीचंही तेच. लांडग्यात पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या 2 प्रती असतात, कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत सापडतात. 2013 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं पडेल ते खाल्ल्याची ही खूण. हे पिष्ट पचवणारं द्रव्य आपल्या लाळेत असतं. कुत्र्याच्या लाळेत जवळपास नाहीच, ते स्वादुपिंडातून येतं. म्हणून कुत्र्यानं भाकरी न चावता गिळली तरी बिघडत नाही. 'कुत्रं म्हणजे लांडगाच, त्याला धान्य घालू नका' असं मोबाईलवर सांगणाऱ्यांकडं मी आता लक्ष देत नाही.

मग म्हातारपणी बदलतं काय? बदलतात ते आतड्यातले भाडेकरू.

मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. छोट्या आतड्यात न पचलेले भाजीपाल्याचे, धान्याचे तंतू ते आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार करतात. त्यातलं ब्युटिरेट नावाचं आम्ल म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं रोजचं जेवण. ते मिळालं की अस्तर घट्ट राहतं, पाणी नीट शोषलं जातं आणि शी बांधून होते. आपल्या आणि कुत्र्याच्या आतड्यातली वस्ती सारखी नसते, हेही इथं सांगायला हवं. फ्युसोबॅक्टेरिया या जातीचे जिवाणू माणसात आढळले की डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात. कुत्र्यात ते भरपूर असणं हे निरोगी पोटाचं लक्षण असतं आणि जुलाबात त्यांचीच संख्या घटते.

वय वाढलं की ही वस्ती विरळ होत जाते. लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियासारख्या कामाच्या जाती कमी होतात आणि एरवी कोपऱ्यात गप्प बसणारे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्ससारखे उपद्रवी वाढायला लागतात. भाताच्या रोपात तूट पडली की तिथं आधी तण उगवतं, तसलाच प्रकार. त्यात आतड्याच्या भिंतीत शरीराच्या संरक्षक पेशींची मोठी फौज असते, तीही म्हातारी होते. मग ती साध्या गोष्टीवर उगीच भडकते आणि खऱ्या शत्रूपुढं ढिली पडते. म्हणून तरणं कुत्रं उकिरड्यावरचं काहीही खाऊन दुसऱ्या दिवशी ठणठणीत असतं आणि म्हातारं कुत्रं नुसता खाण्याचा प्रकार एकदम बदलला तरी चार दिवस पातळ शी करतं. पचनाची ताकद तीच असते, फरक पडतो तो झटका सोसण्याच्या ताकदीत. याच कारणानं म्हाताऱ्या कुत्र्याचं खाणं बदलायचं झालं तर सात ते दहा दिवस घ्यावेत. जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जावं.

या वस्तीतल्या एका जिवाणूवर जरा थांबतो, कारण आपल्याकडची एक वाईट सवय थेट त्याच्यावर घाव घालते. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम हिरानोनिस. यकृतातून येणारं पित्त चरबी पचवून झालं की त्यातलं थोडं मोठ्या आतड्यात पोचतं, तिथं हा जिवाणू त्याचं रूप पालटतो. हे पालटलेलं पित्त उपद्रवी जिवाणूंना डोकं वर काढू देत नाही. तो एकटा गेला की सगळं गणित फिसकटतं. आणि तो जातो कशानं? जुलाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकानं, म्हणजे अँटिबायोटिकनं. निरोगी कुत्र्यांना दोन आठवडे हे औषध देऊन पाहिलं, तर औषध थांबल्यावर चार आठवड्यांनीही काहींची आतडी पूर्वपदावर आलेली नव्हती.

आमच्याकडं जुलाब लागले की पहिली फेरी मेडिकलच्या दुकानात असते. "कुत्र्याला लागलंय ओ, काहीतरी द्या." मीही हेच केलं होतं, डॉक्टरांकडं जायच्या आधी पाच दिवस पिंट्याला हीच गोळी गुळाच्या खड्यात घालून चारली होती. कुत्रं खेळतंय, पाणी पितंय, शीत रक्त नाही, असे साधे जुलाब बहुतेक वेळा प्रतिजैविकाशिवाय दोन-तीन दिवसांत थांबतात. ते आपोआप थांबले असते, आपण श्रेय गोळीला देतो आणि पुढच्या वेळी तीच आणतो. गोचीडतापावर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात ती गोष्ट वेगळी. ते औषध टाळून चालत नाही, फक्त उपाशीपोटी देऊ नये.

आता दूध-भात.

लहान पिल्लाच्या आतड्यात दुधातली साखर फोडणारं द्रव्य असतं. दूध सुटलं की ते घटत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढते, जिवाणू ती आंबवतात. पोट गुडगुडतं आणि शी पातळ होते. त्यात आपलं दूध म्हशीचं, त्यात चरबी गाईच्या दुधाहून बरीच जास्त. म्हाताऱ्या, जाड झालेल्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाला अशी चरबी सोसत नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी मटणाची तेलकट तर्री भाकरीवर ओतून घातली की कधी कधी स्वादुपिंडाला सूज येते, कुत्रं ओकत राहतं, पोट आखडून पुढचे पाय टेकून मागचं अंग वर धरतं. हे घरी निभावण्यासारखं दुखणं नव्हे.

आणि भात. पांढऱ्या भातात तंतू जवळजवळ नाहीत, म्हणून तो छोट्या आतड्यातच संपतो. जुलाबात दोन दिवस तेच हवं असतं. पण महिनाभर तेच घातलं तर मोठ्या आतड्यातल्या वस्तीला उपास घडतो. प्रथिनांचा हिशेब तर आणखी वाईट. 15 किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला 35 ते 40 ग्रॅमच्या आसपास प्रथिन पाहिजे. दोन वाट्या भात आणि पेलाभर दूध यांतून मिळतं 15 ग्रॅमच्या आसपास. म्हातारपणी अंगातलं मांस झडायला लागतं, ते टिकवायला प्रथिन तरण्यापणापेक्षा जास्तच लागतं. हालचाल घटल्यानं एकूण खाण्याची गरज मात्र साधारण पाचव्या हिश्शानं कमी होते. म्हणजे घास कमी आणि प्रत्येक घासात जीव जास्त, असं खाणं पाहिजे. दूध-भात नेमका याच्या उलट. 'म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिन घातलं की किडनी जाते' ही समजूतही अशीच पसरलेली आहे. किडनीचा आजार रक्ताच्या तपासणीत दिसला असेल तरच डॉक्टर प्रथिनावर बंधन घालतात.

ताक? पातळ, बिनमिठाचं, वाटीभर चालतं, त्यात दुधापेक्षा साखर कमी असते. पण त्यातले जिवाणू कुत्र्याच्या आतड्यात संसार थाटत नाहीत, पाहुण्यासारखे येऊन जातात. ताकानं पोट 'दुरुस्त' होईल अशी आशा ठेवू नये. कुत्र्यांसाठी म्हणून तयार केलेल्या जिवाणूंच्या पुड्या मिळतात, त्यांचा जुलाबात थोडाफार उपयोग होतो, बास.

डॉक्टरांनी दात का बघितले, ते मला नंतर कळलं. पोटाची म्हणून आणलेली बरीच दुखणी पोटात नसतातच. तिसऱ्या वर्षापासूनच बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्या बिघडायला लागतात. तेराव्या वर्षी तोंडात काय उरलं असेल, विचार करा. दुखतं म्हणून कुत्रं अर्धवट खातं आणि घरचे म्हणतात, "भूक मेलीय त्याची."

मागच्या टोकाला आणखी दोन गोष्टी घडतात. आपल्याकडं नर कुत्र्याचं ऑपरेशन करायची पद्धत कमीच. ऑपरेशन न झालेल्या म्हाताऱ्या नराची प्रोस्टेट ग्रंथी बहुधा वाढलेली असते. ती गुदाशयावर दाब देते, कुत्रं कुंथत राहतं आणि शी आली तर पट्टीसारखी चपटी येते. लोक याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. ऑपरेशन केलं की ही ग्रंथी हळूहळू आकसते.

दुसरी गोष्ट सांध्यांची, आणि इथं आपला पाऊस आड येतो. जांबोटी, कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलंच असतं. बेळगावातही दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. तेवढ्या थंडीत-ओलाव्यात म्हाताऱ्या कुत्र्याचे गुडघे, खुबे आखडतात. शीला बसायचं तर मागचे पाय वाकवून तोल धरायला लागतो, तेच जमत नाही. बाहेर चिखल, आत गुळगुळीत स्टाईलची फरशी. कुत्रं शी दाबून ठेवतं. मोठं आतडं तेवढ्या वेळात त्यातलं पाणी ओढत राहतं आणि मग येतो तो खडा. पिंट्याच्या दोन दिवस काहीच नसण्याचं कारण हे होतं. गोठ्याच्या पत्र्याखाली कोरडी जागा करून दिली, फरशीवर पोती अंथरली, सकाळी दहा मिनिटं हळू चालवला, आणि निम्मा प्रश्न औषधाविना मिटला.

सांधे दुखतात म्हणून घरातली माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नका. हे मला जरा मोठ्यानं सांगायचं आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या कुत्र्याच्या जठराचं अस्तर सोलून काढतात, व्रण होतात, किडनीही जाते. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर देशात 2006 साली बंदी आली ती गिधाडांपायी, कारण हे औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन ती मरत होती. माणसांची गोळी मात्र प्रत्येक घराच्या डब्यात असतेच. कुत्र्यासाठीची वेगळी वेदनाशामक औषधं आहेत, ती वजनावर मोजून द्यायची असतात आणि स्टेरॉइडबरोबर तर कधीच द्यायची नसतात. म्हणून डॉक्टर बदलला तर आधीच्याचा कागद बरोबर न्या.

पिंट्याला आता काय मिळतं? एका वेळची भरलेली थाळी बंद केली, तेवढंच तीन वेळा विभागून. नाचणीची किंवा जोंधळ्याची भाकरी कोमट पाण्यात मोडून, त्यात उकडलेलं अंडं किंवा कोंबडीचं बिनहाडाचं मांस, दोन चमचे उकडलेला लाल भोपळा. दिवाळीनंतर बेळगावच्या बाजारात रताळ्यांची पोती उतरायला लागतात, तेव्हा भोपळ्याऐवजी उकडलेलं रताळं. भोपळा-रताळ्यातले तंतू म्हणजे त्या आतल्या वस्तीचं धान्य. शी फार कडक असेल तेव्हा अर्धा चमचा इसबगोल, पण भरपूर पाण्यात भिजवून; कोरडा दिला तर उलटंच व्हायचं. अन्न कोमट असलं की वास सुटतो, आणि नाक मंदावलेल्या म्हाताऱ्याला वासाशिवाय जेवण कळत नाही. कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा मात्र बंद, कारण शिजवलेला कांदाही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवलेली हाडं बंद, त्यांच्या अणकुचीदार फोडी होतात आणि चुऱ्यानं शी चुन्यासारखी घट्ट बसते. बकऱ्याची वजडी-कलेजी कच्ची टाकायची नाही. त्यातून कुत्र्याच्या पोटात जाणारा एक फीतकृमी पुढं माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी करतो. उकळून घाला, कुत्र्याला काही फरक पडत नाही.

फक्त घरचंच खाणं घालणार असाल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची तूट राहते, ती भरायला डॉक्टरांना विचारून पूड घ्यावी लागते. जुनाट जुलाबात बी-12 हमखास खालावतं. ते शोषून घ्यायला लागणारा सोबती पदार्थ माणसात जठरातून येतो, कुत्र्यात मुख्यतः स्वादुपिंडातून. त्यामुळं स्वादुपिंड किंवा छोट्या आतड्याचा शेवटचा भाग बिघडला की नुसतं चांगलं खाऊ घालून कुत्रं भरत नाही. रक्त तपासून बी-12 दिलं की कधी कधी आठवड्याभरात भूक परत येते.

शी बघायची लाज सोडावी लागते. जनावरांच्या डॉक्टरांकडं 1 ते 7 अशी तिची मोजपट्टीच असते; 1 म्हणजे खडा, 7 म्हणजे पाणी, आणि 2 म्हणजे बांधीव, ओलसर, उचलली तर जमिनीवर फारसा डाग न राहणारी. मी कालनिर्णयच्या चौकोनात रोज आकडा मांडतो. आमच्या घरी येणारे पाहुणे ते दुधाचे लिटर समजतात. महिन्याचं पान बघितलं की कळतं, कुठल्या दिवशी काय घातल्यावर आकडा चढला. डॉक्टरांपुढं "अधूनमधून बिघडतं की ओ" म्हणण्यापेक्षा ते पान ठेवावं. आणखी एक बघायचं: थोडी थोडी, वरचेवर, शेंबडी, कुंथून येणारी शी असेल तर बिघाड मोठ्या आतड्यात. भसकन भरपूर, दिवसाला दोन-तीनदा, आणि जोडीला वजन उतरतंय, तर छोट्या आतड्यात. दुसऱ्या प्रकारात तीन आठवड्यांच्या वर थांबायचं नाही, म्हाताऱ्या कुत्र्यात तिथं गाठही असू शकते.

डांबरासारखी काळी, चिकट शी आली तर वरच्या भागात कुठंतरी रक्त वाहतंय. त्याच दिवशी न्या. समोरच्या अन्नाला तोंड लावत नाही, पाणी मात्र बादलीभर पितंय आणि ओकतंय, तर पोटापेक्षा किडनीचा संशय जास्त.

एक प्रसंग असा आहे की त्यात सकाळची वाट बघायची नसते. मुधोळ कुत्री आपल्या भागात पुष्कळांकडं असतात, 2005 साली पोस्टाच्या तिकिटावर आली तीच ही. खोल छातीची, उंच पायांची. अशा बांध्याच्या कुत्र्याचं जठर वायूनं फुगून स्वतःभोवती पीळ खाऊ शकतं, आणि वयाबरोबर हा धोका वाढतो. कुत्रं ओकायला बघतं पण काहीच पडत नाही, नुसती लाळ. पोट ढोलकीसारखं ताणतं, बसवत नाही, झोपवत नाही, हिरड्या पांढऱ्या पडत जातात. एका दमात मोठी थाळी खाऊन लगेच पळालेलं कुत्रं यात जास्त सापडतं. रात्रीचे दोन वाजलेले असोत, घाटाखालच्या वाडीत असा की खानापुरात. आधी डॉक्टरांना फोन करून दार उघडायला सांगा आणि गाडी काढा. पिळलेल्या जठराला रक्त मिळत नाही, काही तासांत सगळं संपतं. पोट चोळू नका, सोडा पाजू नका. वाटेत कुत्र्याला ज्या कुशीवर पडायला बरं वाटेल त्याच कुशीवर पडू द्या.